गोदाम गेलं, रसद चालूच : पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा राहून गेलेला इतिहास



मागच्या भागात आपण 1956च्या सुएझ प्रकरणाबद्दल बोललो. बोलता बोलता मी म्हणालो होतो, की त्या दिवसांत ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांच्या पोटातही एक लढाई चालू होती आणि तिच्याबद्दल पुढे कधीतरी सांगीन. आज ते सांगायचं ठरवलं आहे. पण नुसतं ईडन यांचं सांगून थांबलो, तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कारण माझ्याही पोटावर चार बारीक व्रण आहेत. 2016 साली माझं पित्ताशय काढलं. त्यानंतरची तीन वर्षं मी कशी काढली, हे माझी बायको सोडली तर कुणाला ठाऊक नव्हतं. 2018 साली तर या पोटापायी मी सातारा जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या आईशी खोटं बोललो. ते शेवटी सांगतो.

मी 31 वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो. आमचं काम रसद पोचवण्याचं. पीठ, डाळ, तेल, रॉकेल, डबाबंद भाजी, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे खेचरांच्या पाठीवरून. फौज पोटावर चालते, असं म्हणतात. दुसऱ्यांच्या पोटाची काळजी घेण्यात माझी उमेद गेली आणि निवृत्तीनंतर माझंच पोट मला ऐकेना. तेव्हा सवयीप्रमाणे मी इतिहासाकडे वळलो. या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना एक गोष्ट खटकली. ऑपरेशन कुणी केलं, कधी केलं, टाके कधी काढले, हे सगळं तपशीलवार लिहिलेलं आहे. त्यानंतर तो माणूस दोन वर्षांनी काय जेवत होता, हे जवळजवळ कुठेच नाही. आजचा भाग त्या राहून गेलेल्या अर्ध्या इतिहासाबद्दल आहे.

खेचराला पित्ताशय नसतं

आधी हे पित्ताशय करतं काय, ते समजून घेऊ. आपल्याकडे 'पित्त' या शब्दानं मोठा घोटाळा केला आहे. छातीत जळजळलं की पित्त, डोकं दुखलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, राग आला तरी पित्तच खवळतं. माझं ऑपरेशन झाल्यावर इंदूरच्या आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ अभिनंदन करायला आले. म्हणाले, "चला कर्नलसाहेब, पिशवीच काढली, आता पित्ताचा त्रास जन्मात नाही!"

खरी गोष्ट अशी, की पित्त पित्ताशयात तयार होतच नाही. ते यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय हे फक्त गोदाम. त्यात 30 ते 50 मिलीलिटर माल मावतो, पण तिथे पित्तातलं पाणी शोषलं जातं आणि ते पाच ते दहा पट दाट होतं. आपण तूप-तेलाचं जेवलो आणि ती चरबी लहान आतड्याच्या तोंडाशी पोचली, की आतड्यातून रक्तात एक निरोप सुटतो. कोलेसिस्टोकायनिन हे त्या निरोप्याचं नाव. आयव्ही आणि ओल्डबर्ग या दोघांनी तो 1928 साली शिकागोत शोधला. निरोप मिळाला, की गोदाम आकुंचन पावतं आणि साठवलेला दाट माल एकदम आघाडीवर जातो. चरबी पचते. काम झालं, की पित्तातली आम्लं लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात पुन्हा शोषली जातात आणि यकृताकडे परत येतात. शंभरातला 95 भाग असा परत येतो. रिकामे डबे परत डेपोत जमा करायचे, तशी ही व्यवस्था.

आता गोदाम काढून टाकलं तर? कारखाना चालूच राहतो. माल थेट रस्त्यावर येतो, थोडा थोडा, चोवीस तास, गरज असो वा नसो. लढाईच्या दिवशी, म्हणजे लग्नाच्या पंगतीत, तो कमी पडू शकतो. आणि रात्री, आघाडीवर कुणी नसताना, दाराशी साचत राहतो.

गंमत म्हणजे ज्या जनावरांवर माझी उभी नोकरी गेली, त्या खेचराला पित्ताशय नसतंच. घोड्याला नसतं, गाढवाला नसतं, हरणालाही नसतं. हे ॲरिस्टॉटलनं तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. खेचर दिवसभर थोडं थोडं खातं. आमचे ड्रायव्हर लोक त्यांना दाणा-चारा वाटून, ठरल्या वेळी देत. एकदम पोटभर दाणा घातला, तर जनावराच्या पोटात कळ येते, हे नव्या जवानाला पहिल्या आठवड्यात शिकवलं जाई. पंचवीस वर्षं खेचरांना नीट खाऊ घालणाऱ्या माणसाला स्वतःच्या बाबतीत हे सुचायला तीन वर्षं लागली.

बर्लिन, 15 जुलै 1882

पित्ताशयातल्या खड्यांवर शस्त्रक्रिया करण्याची हिंमत माणसानं टप्प्याटप्प्यानं केली. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाँ लुई पेती यांनी पोटाच्या भिंतीला चिकटलेलं, पू झालेलं पित्ताशय बाहेरून फोडून साफ करण्याचा मार्ग सांगितला. 15 जून 1867 रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसला जॉन बॉब्स यांनी एका तरुणीचं पोट गाठ समजून उघडलं, तर आत खड्यांनी भरलेलं पित्ताशय निघालं. त्यांनी ते चिरलं, खडे काढले आणि पुन्हा शिवलं. ती बाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. पण पिशवी जागेवर ठेवली, की तिच्यात पुन्हा खडे होऊ शकतात, ही अडचण उरलीच.

बर्लिनच्या लाझारस हॉस्पिटलमध्ये कार्ल लांगेनबुख नावाचे तरुण शल्यचिकित्सक होते. त्यांचा विचार सरळ होता : पित्ताशय काढायचं ते त्यात खडे आहेत म्हणून नव्हे, तर ते खडे तयार करतं म्हणून. काही जनावरांना पित्ताशय नसतं, हे त्यांना माहीत होतं. सतराव्या शतकात कुत्र्यांचं पित्ताशय काढूनही ती जगल्याचं दिसलं होतं. त्यांनी आधी मृतदेहांवर सराव केला. मग 15 जुलै 1882 रोजी 43 वर्षांच्या एका माणसावर शस्त्रक्रिया केली. तो सोळा वर्षं कळा सोसत होता, वाळून गेला होता आणि वेदनांसाठी मॉर्फिनच्या आहारी गेला होता. लांगेनबुख यांनी त्याचं अख्खं पित्ताशय काढलं.

दुसऱ्या दिवशी रुग्णाला ताप नव्हता, दुखणं थोडंच होतं आणि तो सिगार ओढत होता. सहाएक आठवड्यांनी तो घरी गेला.

तो सिगार इतिहासात अमर झाला आहे. प्रत्येक पुस्तकात तो येतो आणि मलाही आवडतो. पण आमच्याकडे एक शिस्त असते. एखादी चौकी सर केली, एवढं कळवून भागत नाही. ती पुढे कशी टिकवली, रसद कशी पोचली, किती माणसं आजारी पडली, हेही कळवावं लागतं. त्या बर्लिनच्या गृहस्थाला पुढच्या नाताळात बदक आणि लोणी पचलं का, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

'नंतर काय?' असं विचारणारे

हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, असंही नाही. पहिल्यांदा विचारणाऱ्यांत एक विद्यार्थी होता. 1887 साली इटलीत पेरुजा इथे रुग्गेरो ओड्डी नावाचा तेवीस वर्षांचा मुलगा वैद्यकी शिकत होता. पित्तनलिका जिथे आतड्यात उघडते, तिथल्या झडपेसारख्या स्नायूचं त्यानं सविस्तर वर्णन केलं. आजही तो स्नायू ओड्डीच्याच नावानं ओळखला जातो. त्यानं कुत्र्यांची पित्ताशयं काढून पाहिली, तेव्हा त्याला दिसलं, की काही काळानं पित्तनलिका रुंद होते. गोदाम गेलं, म्हणून रस्ताच गोदामाचं काम करू पाहत होता. म्हणजे अवयव काढला की शरीर तसंच राहत नाही, नवी मांडणी करतं. लांगेनबुख यांच्या शस्त्रक्रियेनंतर पाचच वर्षांत हे दिसलं होतं.

दुसरं उदाहरण मोठ्या माणसाचं आहे. विल्यम हॅल्स्टेड हे अमेरिकेतल्या आधुनिक शस्त्रक्रियेचे एक जनक. 1880च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या आईचं पित्ताशय उघडून खडे काढले होते, तेही मध्यरात्री, घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. पुढे त्यांनाही तोच विकार झाला. 1919 साली त्यांचं पित्ताशय काढलं. नंतर पुन्हा त्रास सुरू झाला. 1922 साली पित्तनलिकेतल्या खड्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीत ते गेले. पित्ताशय काढल्यानंतरचं प्रत्येक दुखणं मनाचं किंवा खाण्याचं नसतं, हे लक्षात ठेवावं म्हणून मी हे सांगतो.

या 'नंतरच्या' त्रासाला वैद्यकीय लिखाणात ठळक जागा मिळाली ती 1947 साली. वॉमॅक आणि क्रायडर या दोन अमेरिकन शल्यचिकित्सकांनी पित्ताशय काढल्यावरही टिकून राहणाऱ्या लक्षणांबद्दल लिहिलं. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर 65 वर्षांनी! आज त्याला 'पोस्ट-कोलेसिस्टेक्टॉमी सिंड्रोम' म्हणतात. नाव जडजंबाल आहे आणि थोडं फसवंही, कारण एका नावाखाली अनेक कारणं येतात : नलिकेत राहिलेला खडा, नलिकेला झालेली इजा, ओड्डीच्या स्नायूची कुरबूर, आधीपासूनचा आणि खड्यांच्या नावावर खपलेला दुसराच आजार, किंवा मोठ्या आतड्यात जास्त उतरणारी पित्ताम्लं. बहुतेकांना ऑपरेशननंतर यातलं काही होत नाही, ते ठणठणीत असतात. पण ज्यांना होतं, त्यांना 'बहुतेकांना होत नाही' हे ऐकून काय उपयोग?

एकानं झाकलं, एकानं दाखवलं

आता ईडन. एप्रिल 1953. ईडन तेव्हा परराष्ट्रमंत्री होते आणि चर्चिल यांचे वारस म्हणून त्यांच्याकडे पाहिलं जात होतं. खड्यांचा त्रास होता. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. पूर्वी ज्यांनी त्यांचं अपेंडिक्स काढलं होतं, त्याच शल्यचिकित्सकाकडे ते गेले. शस्त्रक्रियेत पित्तनलिकेला इजा झाली. पुन्हा पोट उघडावं लागलं, ते मरता मरता वाचले. जूनमध्ये त्यांना बॉस्टनला नेलं आणि तिथे रिचर्ड कॅटेल यांनी नलिकेची दुरुस्ती केली. त्याच महिन्यात इकडे चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला. वारस बॉस्टनमध्ये खाटेवर आणि पंतप्रधान घरात खाटेवर, अशी अवस्था.

1955 साली ईडन पंतप्रधान झाले. दुरुस्त केलेल्या नलिकेत अधूनमधून जंतुसंसर्ग होई आणि थंडी वाजून ताप भरे. 26 जुलै 1956ला नासर यांनी सुएझ कालवा ताब्यात घेतला. 5 ऑक्टोबरला ईडन यांना 106 अंश फॅरेनहाइट ताप आला. दिवसभर उभं राहण्यासाठी उत्तेजक गोळ्या आणि रात्री झोपेच्या, असा कारभार चालला होता. ऑक्टोबरअखेर हल्ला सुरू झाला, 6 नोव्हेंबरला युद्धबंदी मान्य करावी लागली. नोव्हेंबरमध्येच ते विश्रांतीसाठी जमैकाला गेले आणि 9 जानेवारी 1957 रोजी त्यांनी राजीनामा दिला.

सुएझचा निर्णय तापाच्या भरात झाला, असं मी म्हणणार नाही. इतिहास इतका स्वस्त नसतो. त्या धोरणामागे ब्रिटनचा अहंकार होता, फ्रान्सचे हिशेब होते, संपूर्ण मंत्रिमंडळ होतं. पण एवढं नक्की, की जो माणूस हे ठरवत होता, तो किती आजारी आहे हे लोकांना माहीत नव्हतं. त्या प्रकरणाचा एक धागा आपल्या फौजेपर्यंतही आला. संयुक्त राष्ट्रांचं जे दल नंतर गाझा आणि सिनाईत उभं राहिलं, त्यात भारतीय पलटण 1956पासून 1967पर्यंत होती. मी भरती झालो तेव्हा आमचे काही जुने सुभेदार गाझाच्या वाळूच्या गोष्टी सांगायचे. त्या वाळूचा संबंध लंडनमधल्या एका पित्तनलिकेशी कुठेतरी आहे, हे त्यांना काय मला काय, कुणालाच माहीत नव्हतं.

आता याच्या उलट माणूस पाहा. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन. 8 ऑक्टोबर 1965 रोजी बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात त्यांचं पित्ताशय काढलं. 20 तारखेला पत्रकारांसमोर त्यांनी सदरा वर केला आणि पोटावरची लांबलचक चीर दाखवली. देशभर छी-थू झाली. पुढच्या वर्षी डेव्हिड लेव्हाइन या व्यंगचित्रकारानं तोच व्रण व्हिएतनामच्या नकाशासारखा काढला आणि ते चित्र जगभर गाजलं. मीही पूर्वी त्या छायाचित्राला हसलो होतो. आता हसत नाही. पोटाचं दुखणं चारचौघांत दाखवायला हिंमत लागते. माझ्यात ती नव्हती. मी ईडन यांच्या पंगतीतला.

दुर्बीण आली, बोलणं कमी झालं

ईडन आणि जॉन्सन यांच्या काळात ही शस्त्रक्रिया म्हणजे वीतभर चीर आणि आठवड्यांची विश्रांती. 12 सप्टेंबर 1985 रोजी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन गावी एरिक म्यूहे यांनी पहिल्यांदा दुर्बिणीनं, बारीक छिद्रातून पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी त्यांच्याच देशातल्या शल्यचिकित्सकांनी परिषदेत त्यांची टर उडवली. 1992 साली त्याच संघटनेनं त्यांचा गौरव केला. मधल्या काळात 1987 साली ल्याँच्या फिलिप मुरे यांनी हीच वाट धरली आणि ती पद्धत जगभर पसरली.

आपल्याकडे ती आली ती मुंबईत. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990 साली भारतातली पहिली अशी शस्त्रक्रिया केली. ते 1972 सालापासून निदानासाठी पोटात दुर्बीण घालून पाहत होते आणि लोकांच्या शंका झेलत होते. सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णाला लवकर कामावर जाता यावं, हा त्यांचा मुद्दा होता. हातावर पोट असणाऱ्याला सहा आठवडे घरी बसणं परवडत नाही. सरकारनं त्यांना पद्मश्री आणि पद्मभूषण देऊन सन्मान केला. आज उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, जिथे खड्यांचं प्रमाण बरंच आहे, तिथे जिल्ह्याच्या गावीही ही शस्त्रक्रिया होते. हे फार मोठं काम आहे आणि मी त्याचा लाभार्थी आहे.

पण चीर लहान झाली, मुक्काम लहान झाला, तसं बोलणंही लहान झालं. मी दोन रात्रींत घरी आलो. हातात कागद होता : टाके अमुक दिवशी, जड वस्तू उचलू नका, महिनाभर तेलकट कमी. 'त्यानंतर सर्व काही खा.' एवढंच. त्यात कुणाची वाईट भावना नव्हती. त्यांच्या दृष्टीनं चौकी सर झाली होती.

माझी पोटाची वॉर डायरी

मी 'सर्व काही' खाल्लं. इंदूरला राहून सकाळी पोहे-जिलबी खायची नाही, म्हणजे पाप. पोह्यांवर मूठभर शेव, शेजारी गरम जिलबी, वर दुधाचा चहा. खाऊन दहा मिनिटं झाली, की पोटात गुरगुर आणि मग अशी घाई, की पायात चप्पल घालायला वेळ नाही. पिवळं, पाण्यासारखं, जळजळणारं. दिवसातून चार वेळा, कधी सहा. कधी आठ दिवस काहीच नाही आणि मग पुन्हा तेच.

माणूस किती चटकन आपलं जग आखडून घेतो, ते मी पाहिलं. सकाळी फिरायला जाणं सोडलं. रेल्वेत दाराजवळची जागा मागू लागलो. शहरात कुठल्या पेट्रोलपंपावर स्वच्छतागृह आहे, ते मला तोंडपाठ. लग्नाला जायचं तर उपाशी जायचं आणि तिथे 'आत्ताच जेवून आलो' म्हणायचं. एका डॉक्टरांनी हे आतडं चिडखोर आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी मनावर घेऊ नका म्हणून सांगितलं. मी खरं तर दोघांनाही पूर्ण सांगितलंच नव्हतं. 'पोट जरा नरम असतं,' एवढंच बोललो. कर्नलनं याहून जास्त काय बोलायचं?

मग 2018 आलं. माझ्या हाताखालचा एक नायक बऱ्याच वर्षांपूर्वी खेचरांचा तांडा पुढच्या चौकीकडे नेताना हिमस्खलनात गेला होता. सातारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावानं शाळेत त्याच्या नावानं वाचनखोली बांधली. उद्घाटन मी करावं, असा त्याच्या आईचा आग्रह. मी आदल्या दिवशी पुण्यात पोचलो. सकाळी मित्राच्या घरी आग्रहानं तुपातला सांजा खाल्ला. ब्लेझर घातला, पदकं लावली आणि निघालो. खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागली होती. पुढचं सविस्तर सांगत नाही. साठीचा माणूस, छातीवर पदकं, घाटातल्या झुडपामागे. नंतर कपडे असे राहिले नाहीत, की कुणासमोर जावं. गाडी वळवली. फोनवर सांगितलं, "गाडी घाटात बंद पडली, माई. पोचणं शक्य नाही."

इंदूरला परत आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अहो, युनिटची वॉर डायरी लिहायचात ना रोज? शत्रू कुठून येतो, किती वाजता येतो? मग आता पोटाची लिहा. आणि ती डॉक्टरांपुढे ठेवा. तोंडानं सांगायला लाज वाटते ना तुम्हाला?"

मी सहा आठवडे वही लिहिली. काय खाल्लं, किती वाजता, त्याआधी पोट किती तास रिकामं होतं, किती वेळा जावं लागलं, रात्री झोपेतून उठावं लागलं का, दुखलं का, वजन किती. कारकुनी काम, पण चित्र स्पष्ट झालं. त्रास बहुतेक सकाळीच. रात्रभर उपाशी पोट आणि त्यावर तळकट किंवा तुपाचा नाश्ता, की हल्ला ठरलेला. दुपारी थोडं तूप असलेलं वरण-भात खाल्लं, तर काही नाही. म्हणजे तूप शत्रू नव्हतं. एकदम आणि रिकाम्या पोटी येणं, हा शत्रू होता.

वही घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ती पानन्‌पान वाचली. आधी रक्ताच्या तपासण्या, यकृत, थायरॉइड, सोनोग्राफी, मोठ्या आतड्याची दुर्बीण. नलिकेत खडा नाही, दुसरं काही नाही, याची खात्री केली. मग समजावलं : गोदाम नसल्यानं तुमची पित्ताम्लं दिवसभर फिरत राहतात, आणि जेवढी परत शोषली जायला हवीत, तेवढी जात नाहीत. उरलेली मोठ्या आतड्यात उतरतात. तिथला पडदा चिडतो, पाणी सोडतो, आणि घाई होते. त्यांनी कोलेस्टायरामीन नावाची पूड थोड्या प्रमाणात सुरू केली. ही पित्ताम्लांना आतड्यातच बांधून टाकते. चव म्हणजे ओल्या वाळूसारखी. बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यायच्या, कारण ती त्यांनाही बांधते. जास्त दिवस घेतली तर काही जीवनसत्त्वांवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, माझं ऐकून नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी नाश्ता करून तासभर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. बायकोच्या ते आधी लक्षात आलं.

पुढे औषध कमी करत इसबगोलवर आलो. उंझ्याच्या बाजारातून देशभर जाणारी ही आपली जुनी भुशी पाणी धरून ठेवते आणि थोडी पित्ताम्लंही धरते. खाणं खेचरासारखं केलं : दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. सकाळी उठल्यावर आधी मऊ भात किंवा भाकरी-ताक, मग तासानं बाकीचं. तूप आहे, पण दिवसभरात वाटलेलं. जिलबी महिन्यातून एकदा, दुपारी, एकच. आजही एखादा दिवस वाईट जातो. पण तो कशामुळे गेला, हे वहीत सापडतं आणि भीती वाटत नाही.

ज्यांना असा त्रास आहे, त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. वही लिहा आणि लाज न बाळगता दाखवा. मात्र डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढुरकं होऊ लागलं, थंडी वाजून ताप आला, उजव्या बरगडीखाली जोराची कळ आली, शौचातून रक्त गेलं, वजन आपोआप उतरू लागलं किंवा रात्री झोपेतून उठून पळावं लागलं, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हॅल्स्टेड आणि ईडन यांच्या गोष्टी त्यासाठीच सांगितल्या.

वाचनखोली

2020च्या जानेवारीत मी पुन्हा पुण्याहून निघालो. खंबाटकी घाट ओलांडला. माई अंगणातच बसल्या होत्या. वाचनखोली पाहिली, फोटोला हार घातला. मग त्यांच्यासमोर बसून म्हणालो, "माई, त्या दिवशी गाडी बंद पडली नव्हती. मी खोटं बोललो." आणि घाटातलं सगळं सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं तसंच.

त्यांनी ऐकून घेतलं. सुनेला हाक मारली, तव्यावर भाकरी टाकायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं सायेब, मग आता काय काय चालतं तुमास्नी?"

1882पासून या शस्त्रक्रियेचा जो इतिहास मी वाचला, त्यात हा प्रश्न मला फार क्वचित भेटला. त्या दिवशी मी भाकरी, मुगाची आमटी आणि ताक जेवलो. घाई झाली नाही.

पुढच्या भागात फ्रान्समध्ये गेलेल्या आपल्या खेचर कंपन्यांची गोष्ट सांगीन. तोवर तब्येतीला जपा. जय हिंद.